पेटी म्हणजे कुठली पेटी

रविवारी दुपारी इथे लखनौच्या कैसरबागेत गेले होते. खरं सांगते, जायची अजिबात इच्छा नव्हती... आठवडाभर बँकेत नाकी नऊ आले होते, गुडघा ठणकत होता, आणि रविवारी दुपारी एक डुलकी मिळावी, एवढीच माझी हल्ली आयुष्याकडून अपेक्षा असते.

पण लेकीचा कार्यक्रम. मुक्ता आर्ट कॉलेजला आहे, शेवटच्या वर्षाला. तिच्या ग्रुपने एका जुन्या कोठीच्या अंगणात 'स्टीमपंक' संध्याकाळ ठेवली होती... गाणी, कलाकृती, नटूनथटून येणारी माणसं.

स्टीमपंक म्हणजे काय, हे तिने मला तीनदा समजावलंय. वीज, कॉम्प्युटर वगैरे आलंच नसतं आणि जग वाफेच्या इंजिनावरच पुढे गेलं असतं, तर यंत्रं कशी दिसली असती... पितळ, तांबं, चाकं, नळ्या, आणि आतलं सगळं बाहेर. आमचे हे रेल्वेत इंजिनिअर. त्यांनी ऐकून घेतलं, "अच्छा" म्हणाले आणि टूरवर निघून गेले.

मग मी एकटीच... मानक नगरहून आलमबाग, तिथून मेट्रो, पुढे ई-रिक्षा. अंगणात चिकनच्या कुर्त्यांवर चामड्याचे पट्टे, अचकनीवर वेल्डिंगचे गॉगल. एकाच्या टोपीवर घड्याळाची चाकं चिकटवलेली, त्यातलं एकही फिरत नव्हतं. खरी वाफ काय ती कोपऱ्यातल्या समोवारमधून येत होती, काश्मिरी चहाची. मी एक कप घेतला आणि खुर्ची गाठली.

आणि समोर स्टेजवर बाबांची पेटी दिसली.

माझे बाबा सांगलीला पोस्टात होते. ऑफिसातून आले की हातपाय धुऊन आधी पेटी, मग चहा. शेवटची काही वर्षं ते आमच्याकडे इथे लखनौला होते, आणि मुक्ता शाळेतून आली की त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायची. ते गेल्यावर मी पेटी चादरीत गुंडाळून लॉफ्टवर ठेवली... नऊ वर्षं झाली. आधी हिंमत नव्हती, मग वेळ नव्हता, मग वर बघायचंच सोडून दिलं.

त्या पेटीचं झाकण गायब होतं. आतल्या पितळी पट्ट्या उघड्या, भात्याला तांब्याचे पत्रे, आणि बाजूला चक्क एक प्रेशर गेज ठोकलेला.

जीव चरकला. मग डोक्यात तिडीक गेली... उठून तिथेच तिला फैलावर घ्यावं असं वाटलं. आणि मग आठवलं, ने म्हणून मीच सांगितलं होतं.

दोन-अडीच महिन्यांपूर्वीची गोष्ट. काउंटरवर ही गर्दी आणि तिचा फोन, प्रोजेक्टसाठी पितळ, लाकूड, जुनं काहीही चालेल. मी म्हटलं, "वरची ती पेटी ने, पडूनच आहे. काय तोडफोड करायची ती कर."  "पक्का, मम्मी?" ती म्हणाली, आणि मी "अगं हो, ने एकदाची" म्हणून फोन ठेवला.

मला म्हणायची होती लोखंडी ट्रंक. जुने नळ, बंद पडलेली घड्याळं, मोडका कुकर भरलेली. दर बदलीला सामान हलवणारे भैया सगळ्यालाच पेटी म्हणायचे, ये पेटी ऊपर, वो पेटी नीचे... तोच शब्द माझ्या तोंडात बसलाय.

तेवढ्यात मुक्ता पेटीमागे येऊन बसली. गिटारवाल्याला सूर देत म्हणाली, "काळी एक से लेते हैं." काली नाही, काळी... बाबा म्हणायचे तसं, ळ सकट.

बाबा असतानाच पेटीचे चार सूर मुके झाले होते. आता सगळे बोलत होते. मला रडू आलं, लाज न बाळगता रडले. चहा हातात तसाच निवला.

कार्यक्रम संपल्यावर मी स्टेजपाशी गेले. झाकण घरी तिच्या पलंगाखाली आहे म्हणे, नुसते स्क्रू काढलेत. गेजसाठी चार भोकं मात्र पाडलीत, ती काही भरून येणार नाहीत... पण बाबांनी काळी एकवर माझ्याच नेलपॉलिशने लावलेला लाल ठिपका तिने तसाच ठेवलाय.

"मैंने तो पूछा था ना. आपने ही कहा, पेटी ले जाओ."

"अगं, पेटी म्हणजे ट्रंक."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "ट्रंक को ट्रंक बोलते हैं ना, मम्मी. अपने घर में पेटी मतलब आजोबा की पेटी."

पोरीला मराठी समजतं पण बोलत नाही, हात टेकले बाई, हे मी सांगलीच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना ऐकवून झालंय. आणि घरातला शब्द तिने सांभाळला, घालवला मी. आपलेच दात, आपलेच ओठ.

मग ती खाली बघून हळूच म्हणाली, "आपने तो तोड़ने को कहा था... मुझसे नहीं हुआ. इसलिए पहले ठीक करवाई."

येताना ऑटोत पेटी आमच्या दोघींच्या मध्ये होती. खड्ड्यांत भाता हलू नये म्हणून मी सगळा रस्ता त्याच्यावर हात ठेवून बसले. 

गुडघा अजून ठणकतोच आहे, बँकही आहे तिथेच आहे. पण आज सकाळी डबा भरून झाल्यावर मी पेटीपाशी बसले आणि लाल ठिपक्यावर बोट ठेवलं... नऊ वर्षांनी.

थँक यू, मुक्ता. मी सांगूनही तोडली नाहीस.