सातवा छर्रा

मास्तरांनी आयुष्यात कुणालाही काही शिकवलेलं नाही. त्यांना मास्तर म्हणतात ते त्यांच्या टेबलामुळे. दोन जुनी दारं शेजारी शेजारी टाकून केलेलं टेबल, त्यावर पांढरी चादर, आणि चादरीवर उघडलेल्या गिअरबॉक्सचे तीनेकशे सुटे भाग, ज्या क्रमाने बाहेर आले त्याच क्रमाने, प्रार्थनेला उभ्या केलेल्या वर्गासारखे. रांगेतला भाग कुणी हलवला तर मास्तर ओरडत नसत. हातातलं काम थांबवून त्या माणसाकडे नुसते बघत राहत. माणूस भाग जागेवर ठेवून निघून जाई.

ते फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडायचे. शहरात आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, तेव्हापासून. पहिला बॉक्स उघडला तेव्हा ते नोकर होते. चाळीस दिवस तो टेबलावर पडून होता, कारण मास्तर प्रत्येक भागाचं चित्र वहीत काढत होते. गॅरेजच्या मालकाने सांगून ठेवलं होतं की गाडी चालली नाही तर ही वही प्रदर्शनात मांडून नुकसान भरून द्यायचं. गाडी चालली. पुढे मालक थकले, गॅरेज मास्तरांकडे आलं आणि एका वहीच्या अकरा वह्या झाल्या.

घरात पांढरी चादर टिकत नाही, ही बायकोची एकतीस वर्षांची तक्रार. औषधवाल्याची वेगळी. मास्तर महिन्याला व्हॅसलिनचे दोन मोठे डबे नेत, आणि तो दर वेळी विचारी, "मास्तर, घरात टाचा तरी किती आहेत?"

व्हॅसलिन लागायचं ते छर्‍यांसाठी. गिअरबॉक्सच्या पोटात एक जाड पत्रा असतो. त्यात तेलाच्या वाटा कोरलेल्या असतात, कुठली वाट कधी उघडायची आणि कधी बंद व्हायची ते लहान लहान पोलादी छर्रे ठरवतात. वाटाण्याहून लहान. हा पत्रा उलटा करून वर चढवावा लागतो, त्यामुळे छर्रे खाली पडू नयेत म्हणून प्रत्येकाच्या खाचेत व्हॅसलिन भरायचं, छर्रा बोटाने दाबून बसवायचा, वरून आणखी एक थर द्यायचा. इंजिन तापलं की व्हॅसलिन तेलात विरघळून जातं. मास्तर छर्रे काढताना मोजत आणि एका वाटीत टाकत. बसवून झाल्यावर वाटी रिकामी असली की हिशेब जुळला. एकतीस वर्षं तो जुळत आला होता.

गेली आठ वर्षं गॅरेजचा कारभार मुलगी बघते. फोन, गिऱ्हाइकं, सुटे भाग, सगळं. तिचं म्हणणं सरळ होतं. आता कुणी बॉक्स उघडत बसत नाही. अपघातात गेलेल्या गाडीचा चांगला बॉक्स भंगारवाल्याकडून आणायचा, दोन दिवसांत बदलायचा, तीन महिन्यांची हमी लिहून द्यायची. गाडी पंधरा दिवस टेबलावर कशाला? वडील म्हणत, दुसऱ्याचा बॉक्स म्हणजे झाकलेली मूठ. आत काय आहे कुणाला माहीत? मुलगी म्हणे, मुठीला हमी तरी आहे.

पण गेल्या वर्षात मास्तरांनी बांधलेल्या पाच बॉक्सपैकी दोन परत आले. एकाचं सील गळत होतं, दुसऱ्यात गिअर पकडून धरणारी एक प्लेट उलटी बसली होती. मुलीने आवाज न चढवता सांगितलं, "बाबा, पुढचा बॉक्स परत आला की टेबल आवरायचं. त्यानंतर फक्त बदलायचं." मास्तर बरं म्हणाले.

मास्तरांनी तिला एक गोष्ट सांगितली नव्हती. वीस वर्षांच्या साखरेच्या आजाराने दोन वर्षांपासून त्यांच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. चहाचा उकळता पेला ते दोन्ही हातांनी धरून बसत, बायकोला वाटे तंद्री लागली आहे. प्लेट किती झिजली हे ते पूर्वी बोट फिरवून सांगत. आता चष्मा लावून उजेडाकडे धरून बघत आणि मग बोट फिरवत, बघणाऱ्यासाठी.

अशा वेळी स्टेनोबाई आल्या. शेजारच्या गावातल्या कोर्टात त्या लघुलेखिका आहेत, साक्षी टिपून घेतात. डावा पाय लहानपणापासून अधू, त्यामुळे क्लचची गाडी चालवता येत नाही. बसच्या पायऱ्या चढता येत नाहीत. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी ही छोटी ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि तेव्हापासून कामावर जाण्यासाठी कुणाला विचारलं नाही. आता तिसऱ्या गिअरला इंजिन ओरडायचं आणि गाडी ऐकायची नाही. मास्तरांनी बॉक्समधलं तेल मोजायची पट्टी काढून वास घेतला. लालसर असायला हवं ते तेल काळपट झालं होतं आणि त्याला करपलेला वास येत होता. प्लेटा जळत आल्या होत्या.

या मॉडेलचा नवा कोरा बॉक्स कंपनीने बनवणं केव्हाच बंद केलं होतं. उरले दोन रस्ते, आहे तो उघडून बांधायचा किंवा दुसऱ्या गाडीचा आणून बसवायचा. मुलीने दोन्ही बाजू नीट सांगितल्या आणि आपलं मत बॉक्स बदलण्याच्या बाजूचं असल्याचंही सांगितलं. स्टेनोबाईंनी ऐकून घेतलं. त्यांना ऐकून घ्यायची सवयच होती. मग त्या मास्तरांकडे वळल्या.

"मास्तर, तुमची गाडी असती तर?"

मुलगी संगणकावर काहीतरी टाइप करत होती. तिचा हात थांबला.

"उघडला असता," मास्तर म्हणाले.

अकरा दिवस बॉक्स टेबलावर होता. अकरा दिवस स्टेनोबाई कधी रजेवर, कधी शेजाऱ्याच्या गाडीने, त्याच्या वेळेप्रमाणे दोन तास आधी कोर्टात. मास्तरांनी एवढं सावकाश काम कधी केलं नव्हतं. प्रत्येक प्लेट दोनदा बघितली, प्रत्येक सील बायकोच्या शिवणाच्या भिंगातून तपासलं. छर्रे सात निघाले, वहीतल्या चित्रातही सातच होते. बसवून झाले तेव्हा वाटी रिकामी होती. मुलीने गाडी शहराभोवती फिरवून आणली. तिला दोष काढता आला नाही आणि तिने तसं मोकळेपणाने सांगितलं. त्या दिवशी बापलेकीने गॅरेजच्या पायरीवर बसून चहा घेतला. बऱ्याच दिवसांनी.

आठव्या दिवशी स्टेनोबाईंचा फोन आला. गाडी छान आहे, पण तापली की तिसऱ्याला जराशी घुटमळते, कदाचित माझा भासही असेल. मास्तर म्हणाले, प्लेटा नव्या आहेत, बसायला वेळ लागतो. हे खरंच असतं. पुष्कळदा असतं.

पंधराव्या दिवशी, शनिवारी दुपारी, दुसऱ्या एका गाडीच्या रबरी सीलला लावायला मास्तरांनी व्हॅसलिनच्या डब्यात बोट घातलं. बाहेर काढलं तर नखाजवळ काहीतरी चमकत होतं. बोटाला कळलं नाही, डोळ्यांना दिसलं. छर्रा होता.

तो तिथे कसा गेला हे समजायला त्यांना वेळ लागला नाही. खाचेत दाबलेला छर्रा खाचेत राहिलाच नाही, चिकट बोटाला लागून वर आला. वरचा थर देण्यासाठी बोट पुन्हा डब्यात गेलं तेव्हा छर्राही डब्यात गेला. वाटी रिकामीच होती. जिवंत बोटाला ते त्याच क्षणी कळलं असतं. कुठल्या खाचेतला होता हेही आता उघड होतं. ती वाट उघडी राहिली होती, तिसऱ्याचा दाब तिथून गळत होता, आणि गाडी तापली की नव्या प्लेटा घसरत होत्या.

दोष मोठा नव्हता. गाडी उभी करायची, खालचा पत्रा उतरवायचा, छर्रा बसवायचा. अर्ध्या दिवसाचं काम. पण गॅरेजमध्ये मुलगी असणार, आणि ती विचारणार. मंगळवारी ती भंगारबाजारात जायची होती, दिवसभर. मास्तरांनी छर्रा शर्टाच्या खिशात ठेवला, मागच्या अंगणात गेले आणि तिथून स्टेनोबाईंना फोन केला. म्हणाले, मंगळवारी गाडी आणा, पहिलं तेल एकदा बदलून देतो. स्टेनोबाई म्हणाल्या, मंगळवारी एक मोठी साक्ष आहे, पण अर्धी रजा टाकते.

"काही काळजीचं आहे का?"

"नाही."

"तोवर चालवू ना?"

"चालवा. जपून."

रविवार गेला. सोमवारी सकाळी पुलानंतरच्या लांब चढावर स्टेनोबाईंची गाडी ओरडली, धूर निघाला आणि ती मागे यायला लागली. त्यांनी हातब्रेक ओढला. मागच्या ट्रकवाल्याने शिव्या दिल्या, मग उतरून चाकाखाली दगड लावला आणि काठीसह त्यांना कडेला आणून उभं केलं. टो करणारी गाडी यायला पावणेदोन तास लागले. तोवर बसायला काही नव्हतं. कोर्टात त्या दिवशीची साक्ष पुढे ढकलावी लागली. साक्षीदार दोन दिवसांचा प्रवास करून आला होता.

गाडी गॅरेजमध्ये आली तेव्हा मुलगी तिथेच होती. मास्तरांनी पत्रा उतरवला आणि तिच्यापुढे धरला. तिला वहीतलं चित्र बघावं लागलं नाही. सहा खाचांमध्ये सहा छर्रे होते, सातवी खाच मोकळी होती. तिसऱ्याच्या प्लेटा कोळसा झाल्या होत्या. त्यांची भुकटी तेलातून सगळ्या बॉक्समध्ये फिरली होती. आता त्यात बांधण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मास्तरांनी खिशातून छर्रा काढून चादरीवर ठेवला.

"कधी सापडला?" मुलीने विचारलं.

"शनिवारी."

"आज सोमवार आहे, बाबा."

मग त्यांनी तिला बोटांचं सांगितलं. बाकावर सील उचकटायची टोचणी पडली होती, ती उचलून तिने त्यांच्या तर्जनीच्या टोकाला लावली. मास्तर समोर बघत राहिले. तिने आणखी थोडी टोचली. रक्ताचा थेंब आला तेव्हा तिने टोचणी खाली ठेवली आणि आपल्या ओढणीच्या टोकाने त्यांचं बोट धरून बसली. काय झालं ते मास्तरांना थेंब बघून कळलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, स्टेनोबाईंना मी सांगते. मास्तर म्हणाले, मी दिलेला सल्ला, मीच सांगणार. स्टेनोबाई शेजाऱ्याच्या गाडीने आल्या. मास्तरांनी उभं राहून सगळं सांगितलं, छर्रा, डबा, शनिवार, फोन. तिथे मुलगीही होती. एकही गोष्ट त्यांनी पुढेमागे केली नाही. जशी निघाली त्याच क्रमाने मांडली. स्टेनोबाईंचा चेहरा हलला नाही. रोज माणसं त्यांच्यासमोर यापेक्षा वाईट गोष्टी कबूल करतात. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"मी तुम्हाला विचारलं होतं, तुमची गाडी असती तर. तेव्हा बोटं अशीच होती?"

"होती."

त्यांनी मान हलवली. मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "ताई, बदला."

बॉक्स बदलायला दोन दिवस नाही, नऊ दिवस लागले, कारण या मॉडेलचा चांगला बॉक्स भंगारातही मिळेना. शेवटी मिळाला तो मागून ठोकर बसलेल्या गाडीचा होता. किती चालला होता हे सांगणारा आकडा त्या गाडीबरोबर चेपला गेला होता. गॅरेजने स्टेनोबाईंकडून काही घेतलं नाही. आधी घेतलेलंही परत केलं. ते त्यांनी घेतलं. पण त्या नऊ दिवसांत कोर्टाने त्यांना साक्षींच्या कामावरून काढून तळमजल्यावर जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं होतं. कारण लेखी दिलं, वारंवार गैरहजेरी. पगार तोच राहिला. तिथे कुणी काही बोलत नाही, त्यामुळे टिपून घेण्यासारखंही काही नसतं.

टेबल मास्तरांनी स्वतः आवरलं. दोन्ही दारं भिंतीला टेकवून ठेवली, चादर घरी नेली. बायकोने ती धुतली, पण डाग गेले नाहीत. वह्या मुलीने आपल्या कपाटात ठेवल्या. मास्तर अजून रोज गॅरेजमध्ये जातात, फोन घेतात, आलेल्या गाडीच्या तेलाचा वास घेऊन काय झालंय ते सांगतात. नाक शाबूत आहे. पुढचं मुलगी बघते.

गाडी तयार झाली त्या दिवशी स्टेनोबाई स्वतः चालवून बघणार होत्या. मुलीने किल्ली दिली आणि दार उघडलं. स्टेनोबाईंनी काठी मागच्या सीटवर टाकली, बसल्या, आणि मास्तरांना शेजारी बसायला सांगितलं. मुलीला याचं आश्चर्य वाटलं. मास्तरांनाही वाटलं असावं, कारण बसण्याआधी त्यांनी हात दोनदा पुसले.

पूल ओलांडून त्या थेट चढावर गेल्या. पहिला, दुसरा, तिसरा. तिसऱ्याला काही झालं नाही. चौथ्याला जाताना हलकासा धक्का बसला, इतका हलका की सवय नसलेल्याला कळलाच नसता. वर पोचल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

मास्तर बराच वेळ कान लावून बसले होते. एकतीस वर्षं या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर असायचं, अगदी कुठल्या प्लेटेची कुठली कड यापर्यंत.

"माहीत नाही," ते म्हणाले. "मी उघडलेला नाही."

स्टेनोबाईंनी हातब्रेक सोडला आणि गाडी वळवून घेतली.