नाडी चौदा

नर्सिंग शिकणाऱ्या दीपाने बायडीआजीची नाडी तक्त्यावर चौदा लिहिली. चौदा ही फोनची बॅटरी होती. एका हातात आजीचं मनगट, दुसऱ्यात सेकंद मोजायला फोन, आणि नेमका हॉस्टेलच्या ग्रुपवर 'आज भाजी काय?' हा राष्ट्रीय महत्त्वाचा प्रश्न आला. तो वाचेपर्यंत मोजणी निसटली. घाईत डोळ्यांसमोर दिसला तो आकडा कागदावर.

वॉर्डच्या झुंबर सिस्टरनी तक्ता वाचून चष्मा पुसला. "चौदावर या बाई चहा पितायत?"

बायडीने कप खाली ठेवला. "चौदा कमी हाय का? पोरी, परत मोज. आसंल हितंच कुटंतरी."

सिस्टरनी स्वतः मोजली. शहाऐंशी.

"शनिवारी दहा पेशंटची नाडी मोजायची. माझ्या आकड्यात नि तुझ्यात दोनपेक्षा जास्त फरक आला तर वॉर्डातलं पोस्टिंग पुन्हा पहिल्यापासून."

पुन्हा म्हणजे परीक्षा सहा महिने पुढे. आणि गावाकडे पाड्यावर तर तिला आत्तापासूनच नर्सबाई म्हणत होते. दीपाने फोन बंद केला आणि सिस्टरच्या कपाटात ठेवला.

"शनिवारपर्यंत मागितला तरी देऊ नका."

"चावी मलाच सापडत नाही, देते कुठून?"

पहिल्या दिवशी अ‍ॅप्रनचा खिसा अकरा वेळा थरथरला. खिशात थर्मामीटर होता, आणि त्याला कोणाचे मेसेज येत नाहीत. हात मात्र जायचाच.

हॉस्टेलच्या खोलीतल्या अपेक्षाने बोईसरला कारखान्यात असलेल्या आपल्या वडिलांचं सेकंदकाट्याचं घड्याळ तिला दिलं, वर स्वतःचं मनगटही दिलं. तिसाव्या ठोक्याला दीपाचं मन पळायचं. पळालं की पुन्हा एकपासून. गुरुवारी ते पन्नासच्या पुढे गेलं.

"हात सोड गं, चहा गार झाला," अपेक्षा म्हणाली.

"दुसऱ्या हाताने पी."

"मग रविवारी माझ्याबरोबर केळव्याच्या समुद्रावर यायचं. आणि तिथे कोणाची नाडी धरायची नाही."

"येते. सत्तावन्न, अठ्ठावन्न..."

शनिवारी नऊ जण जुळले. दहावा बोईसरचा एक तरुण कामगार, डोळे मोबाईलमध्ये. दीपाने मोबाईल काढून उशीखाली सारला.

"मॅडम, व्हिडिओ चालू है."

"दिल भी चालू है. एक मिनट चुप."

पूर्ण मिनिट. ब्याण्णव. सिस्टरचे एक्याण्णव. त्यांनी सही केली आणि लगेच भिंतीवरच्या ड्युटीच्या यादीत रविवारपुढे दीपाचं नाव घातलं. जिची मोजणी पक्की, तिला सुट्टी कशाला?

"पुढच्या रविवारी नक्की," दीपा अपेक्षाला म्हणाली.

रविवारी सकाळी केळव्याच्या रिक्षात अपेक्षा एकटीच बसली.