विमान आपल्याकडे येतं तेव्हा

रविवारची सकाळ, मुलुंडच्या मिठागरांजवळचं कोरडं मैदान... आणि माझं रिमोटवरचं विमान सलग दुसऱ्या आठवड्यात नाक खुपसून जमिनीत. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी बावीस वर्षांचा, बँकेत नुकताच चिकटलेला.

मस्कतला नोकरीला असलेल्या दादाने विमान आणि रिमोटचा तो सेट पाठवला होता. विमान लांब जाईपर्यंत सगळं झकास. पण ते वळून माझ्याकडे यायला लागलं की डावं-उजवं उलटं व्हायचं... मी घाबरून रिमोटची स्टिक भलतीकडे न्यायचो आणि वाट लागायची.

तुकडे गोळा करत होतो तेव्हा दळवी काका जवळ आले. गिरणीतले जुने फिटर, मूळचे मालवणकडचे, राहायला घाटकोपरला. मैदानावर विमानं उडवायला येणाऱ्यांत त्यांच्यासारखं लँडिंग कोणाचंच नव्हतं, चाकं कधी टेकली ते कळायचंही नाही.

"डावं-उजवं विसर," ते म्हणाले. "जो पंख खाली जाईल, त्या बाजूला स्टिक. बस."

डोक्याला पटलं... पण हात ऐकेनात. मग काकांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. माझं मोडकं विमान दोरीने बांधून त्यांनी डोक्यावर धरलं आणि लांबून माझ्याकडे चालत यायला लागले. तोंडाने इंजिनचा आवाज काढत, कधी हा पंख झुकवत, कधी तो.

मी समोर बंद रिमोट घेऊन उभा. चुकलो की काका तिथेच मटकन खाली बसायचे. "पडला रे तुझा विमान!" परत उठून लांब जायचे.

पंचावन्न वर्षांचा माणूस, ऐन उन्हात, तीन रविवार. बाकीचे पोट धरून हसायचे... काकांना त्याचं काही म्हणजे काही नाही.

चौथ्या रविवारी त्यांनी स्वतःचं विमान माझ्यापुढे ठेवलं. सहा महिने रोज संध्याकाळी बसून, लाकूड घासून घासून बनवलेलं. मी म्हटलं, "नको काका, मोडलं तर?"

"मोडलं तर चिकटवू. उडव."

दोन चकरा मस्त झाल्या. तिसरीला वळवलं आणि इंजिन बंद पडलं... एकदम शांतता. विमान सरळ आमच्याच दिशेने येत होतं, एक पंख खाली झुकलेला. मी रिमोट पुढे केला, "काका, घ्या ना!"

त्यांनी घेतला नाही. "माझ्याकडे काय बघतोस? पंख बघ."

बघितलं. खाली गेलेल्या बाजूला स्टिक किंचित नेली... विमान सरळ झालं. मग ते हळूहळू खाली आलं, दोनदा उडी मारली आणि आमच्यापासून चार पावलांवर थांबलं. अख्खं!

मी वळून पाहिलं. काका शेजारी दोन्ही हात पँटच्या खिशात घालून उभे. मी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली तर! म्हणून तर हात खिशात घातले रे. बाहेर असते तर हिसकावलाच असता रिमोट."

पुढे मी विमानं खूप उडवली. शिकवणारेही आयुष्यात पुष्कळ भेटले... पण स्वतःची सहा महिन्यांची मेहनत हवेत असताना दुसऱ्याला शिकू देणारा माणूस मी एकच पाहिला.