कळ आ रही है

आमच्या मावशीच्या यजमानांइतका एकनिष्ठ पेशंट अख्ख्या माळव्यात दुसरा झाला नसेल. शुगर, बीपी आणि गुडघे असा तिहेरी संसार असूनही काकांनी उभ्या आयुष्यात एकच डॉक्टर केला, इंदूरच्या 'जुनी इंदूर' मोहल्ल्यातला. शहराच्या अन्नपूर्णा भागातल्या घरून तिथे जायचं म्हणजे इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध, आणि दवाखान्यात शिरताच कबुलीजबाब: "साहेब, काल दोन कचोऱ्या झाल्या." डॉक्टर सडकून झापायचे आणि काका तेवढ्यानेच निम्मे बरे होऊन घरी यायचे. तेच बोल मावशीने सुनावले तर मात्र बीपी वाढायचं. दाढ दुखली तरी जुनी इंदूर, नातवाचं नाव ठेवायचं तरी जुनी इंदूर!

पण डॉक्टरही म्हातारे झाले. दवाखाना बंद करून मुलाकडे बेंगलोरला गेले आणि काका सत्तरी उलटल्यावर पोरके झाले. शुगरवाले गुडघ्यांकडे बघेनात, गुडघेवाले बीपी मोजेनात, आणि जिथे जावं तिथे मोबाइलवरून टोकन. एकाने "नाम बताइए" म्हटलं, तर काका तडक उठून घरी. "ज्याला माझं नाव विचारावं लागतं, तो दुखणं काय ओळखणार, कप्पाळ!"

एका दुपारी छातीत दुखायला लागलं, तेव्हा कोणाला न सांगता ते घराजवळच्याच एका दवाखान्यात गेले. काउंटरवर ही गर्दी. तिथल्या मुलीने तकलीफ विचारली. छातीवर हात ठेवून काका आमच्या घरच्या हिंदीत म्हणाले, "बेटा, कळ आ रही है." तिच्या हिंदीत ळ कुठला! हात तिला नमस्काराचा वाटला. "कल? ठीक है अंकलजी, कल का टोकन दे देती हूँ." दवाखान्यातलं सांगणं मोडायचं नाही ही जन्माची सवय, त्यामुळे काका टोकन घेऊन निमूट परतले. दारात मावशीने घामाने निथळणारा चेहरा पाहिला आणि तशीच रिक्षात घालून त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं. थोडक्यात वाचले.

घरी सोडायच्या दिवशी, पुढे औषधांवर लक्ष कोण ठेवणार म्हणून सिस्टरने विचारलं, "अंकलजी, आपके फॅमिली डॉक्टर कौन हैं?" एरवी प्रश्न संपायच्या आत उत्तर देणाऱ्या काकांनी मावशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग हळूच म्हणाले, "थे."

सिस्टर हळहळली. तिला वाटलं, डॉक्टर वारले. मला फार वाईट वाटलं, पण तिची समजूत दुरुस्त करायला काही मी गेलो नाही.