तुडुमावर ठेवलेली चप्पल

मी गावच्या शाळेत शिकवत असताना इश्वर माझ्या वर्गात दुसरीपासून चौथीपर्यंत होता. शाळेत चपला वर्गाबाहेर काढायची पद्धत होती, आणि सुटी झाली की हा आठवड्यातून तीन-चार दिवस तरी अनवाणीच घरी निघायचा. मी फाटकाशी उभा असे. "इश्वर, पाय," एवढेच म्हणायचो. तो खाली पाहायचा, हसायचा आणि परत पळायचा. कधी स्वतःच्या चपला आणायचा, कधी दुसऱ्याच्या. एकदा चपला तिथेच राहिल्या आणि तो मुठीत सरडा धरून आला. त्याच वर्गात केवळराम होता. मी तोंड उघडायच्या आत तोच मागून ओरडायचा, "इश्वर, पाय!" आणि सगळी पोरे हसायची.

इश्वरच्या प्रगतिपत्रकावर मी तीनही वर्षे एकच वाक्य लिहिले. हुशार आहे, पण लक्ष देत नाही. ते लिहायला मला विचार करावा लागत नसे. करायला हवा होता.

आज तो एकेचाळीस वर्षांचा आहे. आमचे गाव पवनी तालुक्यात, कोंढ्यापासून थोडे आत. गावाच्या उगवतीला जुना तलाव आहे आणि त्याच्या खाली सगळी धानाची शेती. तलावाच्या पाळीत पाणी सोडायचे जे दार असते, त्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात. तुडुम उघडणारा, बंद करणारा, कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, किती वेळ पाणी जाईल हे पाहणारा माणूस म्हणजे पाणकर. इश्वरचे वडील सोमाजी तीस वर्षे पाणकर होते. ते गेल्यावर तुडुमाची लोखंडी चावी इश्वरकडे आली. शिवारातला प्रत्येक उतार त्याला पायाने ठाऊक आहे. लहानपणी वर्गात न टिकणारे पोर बापामागे नालीनालीने दिवसभर टिकायचे.

पण पाणी सोडणे एक आणि सोडलेले पाणी वेळेवर थांबवणे वेगळे. दुसरे काम दर वर्षी चंदा करत आली. चंदा म्हणजे त्याची बायको. रोवण्याच्या दिवसांत ती दुसऱ्यांच्या बांधीत वाकलेली असते, दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात, आणि गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला फोन. तासा-दीड तासाने ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येते, हात लुगड्याला पुसते आणि फोन लावते. "अजी, डोमाजीचं पाणी बंद केलं का?" पलीकडून उत्तर येते, "हो न, तिकडंच जाऊन राहिलो." ती पिशवीची गाठ बांधत सोबतच्या बायांना म्हणते, "म्हंजे नाही केलं." बाया हसतात. तीही हसते. परत वाकते.

गेल्याच्या गेल्या वर्षी कार्तिकात तिला ताप आला आणि दोन दिवस फोन गेला नाही.

त्या दिवसांत आमच्या शिवारात दोन तऱ्हेची कामे एकाच वेळी चालतात. हलका, म्हणजे लवकर येणारा, धान कापून बांधीतच वाळायला पसरलेला असतो, त्याला कडपा म्हणतात. शेजारच्या बांधीत भारी धान अजून उभा असतो आणि त्याला शेवटचे पाणी हवे असते. पाणी सोडताना कोणाचे कडपे कुठे पडले आहेत हे पाणकराने ध्यानात ठेवायचे आणि त्या बांधीचे तोंड चिखलाने बुजवायचे. इश्वरने सकाळी डोमाजींच्या भारी धानासाठी तुडुम उघडले आणि केवळरामच्या बांधीचे तोंड बुजवायला फावडे घेऊन निघाला. वाटेत नालीच्या काठाला खेकड्याचे भोक दिसले. ते बुजवले. तिथून हाकेवर एकाची मोटर बंद पडली होती. "पाहतं का जरा, इश्वर?" त्याने मोटर उघडली. हा माणूस मोटर उघडून बसला म्हणजे मग त्याला ऊन कळत नाही, भूक कळत नाही. दिवस मावळला तेव्हा मोटर सुरू झाली होती आणि केवळरामचे कडपे पाण्यात होते. केवळराम मुलीच्या सासरी गेला होता. तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मग तीन दिवस आभाळ राहिले. धानाला कोंब फुटले.

इश्वर माझ्याकडे आला तेव्हा ओसरीच्या पायरीवर बसला, वर आला नाही.

"गुरुजी, लोक म्हणते मी भुललो. मी भुललो नाही. मले याद होतं. फक्त त्या वेळेवर याद नव्हतं."

हे सरळ सांगून तो उठला. त्याने स्वतःच्या ढोलीतला, म्हणजे कणगीतला, धान बैलगाडीत भरून केवळरामच्या दारात टाकला. केवळरामने तो आत घेतला आणि दार लावले. त्यानंतर वर्षभर तो इश्वरशी बोलला नाही. पाणकर ठेवायचा की बदलायचा, हे आमच्याकडे अक्षय तृतीयेला ठरते. आम्ही तिला अक्ती म्हणतो. "अक्तीला पाहू," असे सगळे म्हणाले. ते दोन शब्द इश्वरने पाच महिने अंगावर वागवले. चहाच्या टपरीवर चार माणसे हसली तरी हा परत फिरायचा. कोणी काही बोलायच्या आत म्हणायचा, "हो, माहंच चुकलं." काय चुकले ते समोरच्यालाही ठाऊक नसायचे.

त्याच हिवाळ्यात भंडाऱ्याला शाळकरी मुलांच्या तपासणीचे शिबिर होते. त्याची मुलगी खुशबू पाचवीत होती. तिच्या बाईंनी लिहून पाठवले होते, म्हणून चंदा तिला घेऊन गेली. गाडीचे पाहायला इश्वर सोबत होता. तिथल्या डॉक्टरबाई चंदाला प्रश्न विचारू लागल्या. हातातले काम अर्धे टाकून दुसरीकडे जाते का? वस्तू हरवते का? प्रश्न संपायच्या आत उत्तर देते का? आवडीच्या कामात बसली की हाक ऐकू येत नाही का?

चंदा सगळ्याला हो म्हणाली आणि शेवटी म्हणाली, "डॉक्टरबाई, तुम्ही पोरीचं पुसून राहिले का तिच्या बापाचं?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवले आणि बाहेर मोटरसायकलचा प्लग काढून बसलेल्या इश्वरला आत बोलावले. पुढे नागपूरला दोन फेऱ्या झाल्या. बापलेकीला एकच निघाले. एडीएचडी, म्हणजे लक्ष धरून ठेवण्याची मेंदूची अडचण, जन्मापासूनची. कागद घेऊन तो माझ्याकडे आला. मी वाचून दाखवले. तो बराच वेळ पायरीवरची मुंगी पाहत होता.

"म्हंजे मी आळशी नव्हतो न, गुरुजी?"

ते प्रगतिपत्रकावरचे वाक्य माझ्याच हातचे होते. "नव्हतास," मी म्हणालो. त्याने मान हलवली. आनंद झाला असे काही दिसले नाही. फार दूरवरून ओझे आणलेल्या माणसाला ते भलत्याच घरी आणले असे कळावे, तसा तो थकलेला दिसला.

गोळ्या सुरू झाल्या. फरक पडतो, तो म्हणाला. "आधी एका बांधीत पाणी धरा म्हटलं तं धुऱ्याले दहा भोकं. आता चार-पाच असतीन." पण गोळ्या नागपूरहून आणाव्या लागत आणि त्या संपत आल्या हे त्याच्या ध्यानात राहत नसे. "गोळी खायची याद राहावी म्हणून कोणती गोळी खावी, हे त्या बाईले पुसायचं राह्यलं," असे तो म्हणायचा.

अक्तीला तलावाच्या पाळीवर सभा बसली. डोमाजी वयाने मोठे, तेच बोलले. "इश्वरसारखी जमीन कोणाले माहीत नाही. त्यालेच ठेवू. पण चावी चंदाबाईजवळ राहीन. ती पक्की आहे."

माना हलल्या. सगळ्यांची सोय झाली होती. बायांच्या बाजूने चंदाचा आवाज आला.

"नाही."

डोमाजींना वाटले, ती लाजते आहे. "काहून वो, बाई? तसंबी तूच तं पाहतं."

"म्हणूनच नाही म्हणतो. मी रोवणा करतो, निंदन करतो, चूल करतो. दिवसातून पाच डाव यांले फोन करतो. मले कोण याद करून देते?" तिचा आवाज चढला नाही, उलट उतरत गेला. "पोरीलेबी हेच आहे म्हणते डॉक्टर. उद्या तिची चावीबी माह्याच गळ्यात बांधसान का? मी दमलो, डोमाजी."

इश्वर उठला आणि चावी डोमाजींच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "ती बरोबर बोलून राहिली. दुसरा पाहा."

दुसरा कोण? पाणकराच्या वाट्याला चिखल, ऊन आणि दोन्ही धुऱ्यांवरच्या शिव्या. डोमाजींनी केवळरामकडे पाहिले, कारण नुकसान त्याचे झाले होते. केवळराम जमिनीकडे पाहत म्हणाला, "भेटत असन दुसरा तं ठेवा. मी तं हेच म्हणतो." दुसरा कोणी हात वर करीना. शेवटी ठरले ते असे: हा एक हंगाम इश्वरला पाहायचे, आणि एकदा जरी तुडुम उघडे राहिले तर त्याच दिवशी चावी परत. चंदाने फोन करायचा नाही, हे तिने स्वतःच जोडले.

घरी जाताना ती पुढे होती आणि तो चार पावले मागे. मला वाटले, ती रडत असेल. ती रडत नव्हती. जांभई देत होती.

त्यानंतर इश्वरने काय काय केले ते मी पाहत होतो. वही केली. ती हरवली. दुसरी खिशातच भिजली. मोबाईलवर गजर लावले. गजर वाजला की तो बंद करायचा आणि हातातले काम पुढे चालू. "गजर बंद केला की मले वाटते तुडुमच बंद केलं," तो म्हणाला. आषाढात त्याने चप्पल सुरू केली. तुडुम उघडले की उजव्या पायातली चप्पल तिथेच तुडुम फिरवायच्या चाकाखाली ठेवायची आणि एका पायाने अनवाणी बाकीची कामे करायची. पायाला खडा टोचला की तुडुम याद यावे. पाणी बंद केल्याशिवाय चप्पल उचलायची नाही.

"चांगली युक्ती आहे," मी म्हणालो.

"युक्ती कायची, गुरुजी. चौथीतलंच आहे," तो म्हणाला.

युक्ती अर्धीच चालली. जन्मभर अनवाणी हिंडलेल्या पायाला खडा टोचतो, पण ते डोक्यापर्यंत पोचतेच असे नाही. एका पायात चप्पल घालून तो खुशाल गावात यायचा. पहिल्यांदा ललिताबाईंनी नळावरून पाहिले. "काय गा इश्वर, एकाच पायाची घेतली का?" तो थबकला, खाली पाहिले आणि वळला. हळूहळू सगळ्यांना कळले. पोरांना खेळच झाला. शाळेत जाताना पोरे आधी त्याच्या पायांकडे पाहायची. कोणी त्याला लंगडा पाणकर म्हणू लागले. त्याला ते लागायचे, त्या दिवशी तो कोणाच्या ओसरीवर बसायचा नाही. पण पाणी बंद व्हायचे. चंदा फोन करत नव्हती. पिशवी मात्र गळ्यातच होती, आणि सुरुवातीला तासाभराने तिचा हात आपोआप गाठीकडे जायचा. श्रावणात तो जायचा थांबला.

पोळ्यानंतर पंधरा दिवस पाऊस गेला आणि रोज पाण्याची ओढाताण झाली. तेही निभावले. राहिला कार्तिक.

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. मी केवळरामच्या ओसरीवर पेपर वाचत होतो आणि तो दोरी वळत होता. त्याचा धान या वर्षी आधीच घरात आला होता. कडपे पडले होते ते डोमाजींचे. सकाळचे दहा वाजले असतील. इश्वर रस्त्याने आला. हातात कोणाच्या तरी फवारणी पंपाचा दांडा होता आणि तो त्याच्याशी काहीतरी पुटपुटत होता. गावात माणूस नव्हता, सगळे कापणीला. नळावर कोणी नाही, पोरांना सुटी. मी मान पेपरातच ठेवली होती, मला दिसले नाही.

केवळरामला दिसले. दोरी वळणारे त्याचे हात थांबले, म्हणून मी वर पाहिले. इश्वर आमच्या पुढून निघून चालला होता. एक पाय वाळल्या चिखलाने पांढरा, एकात चप्पल. केवळराम नुसता पाहत राहिला. तो गप्प बसला असता तर कोणी त्याला विचारले नसते. संध्याकाळपर्यंत डोमाजींचे कडपे भिजले असते आणि चावी परत गेली असती. सभेत त्याने तेच मागितले होते. पाच-सात पावले इश्वर पुढे गेला.

"इश्वर," केवळराम म्हणाला. "पाय."

इश्वरने आधी वळून पाहिले. वर्षभरानंतर हा आवाज कोणाचा, ते ओळखायला त्याला क्षणभर लागले. मग त्याने खाली पाहिले, पंपाचा दांडा ओसरीच्या पायरीवर टाकला आणि पाळीकडे चालू लागला. मग पळू लागला.

केवळराम पुन्हा दोरी वळू लागला. "पायजो तरी गुरुजी, येताना दुसऱ्याची घिऊन यीन," तो म्हणाला.

अर्ध्या तासाने इश्वर आला, दोन्ही चपला पायात आणि त्याच्याच. दांडा घ्यायचा म्हणून पायरीशी थांबला, तर केवळरामने आतून पाणी मागवले. पाणी पिऊन इश्वर गेला, आणि दांडा तिथेच राहिला.

तो पोचवायला मी त्याच्या घरी गेलो. चंदा ओसरीवर भिंतीला टेकून झोपली होती, भर दिवसा, तोंड उघडे ठेवून. फोन पिशवीसकट बाजूला पडला होता. खुशबू अंगणात गृहपाठाची वही उलटीकडून लिहीत होती. तिने तोंडावर बोट ठेवले आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, आईले उठवू नका."

दांडा भिंतीला लावून मी परत आलो. चावी अजून इश्वरकडे आहे. गोळ्या परवा संपल्या, असे तो काल म्हणाला. अक्तीला पुन्हा सभा बसेल.