काकूंच्या पत्र्यावरची मधुमालती

आता कसं सांगू तुम्हाला, कादंबरी लिहायला बसलेल्या बाईच्या हाती कोयता कधी देऊ नये! चहा घ्या आधी. आणि हसायचं तर खुशाल हसा. मला मात्र अजून हसू येत नाही.

दिवाळीनंतर आम्ही छावणीजवळच्या या घरात राहायला आलो. मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते. घर लहान, पण मागं अंगण! ते पाहूनच मी नवऱ्याला सांगून टाकलं, "माझी कादंबरी इथंच पुरी होणार."

अंगण कसलं, जंगलच ते! गाजरगवत कमरेएवढं, घाणेरी डोक्याच्या वर. उन्हाळ्याची सुट्टी लागली, मी लिहायला बसले आणि तिसऱ्या प्रकरणात जी अडकले ती अडकलेच. लिहिणारं माणूस अडकलं की काय करतं? फ्रीज पुसतं, कपाट आवरतं. तेही सगळं झालं. मग नजर अंगणाकडं गेली.

"कुणाला तरी बोलव ना साफ करायला," नवरा म्हणाला.

"काही नको! माझं डोकं मोकळं होईल."

झालं की मोकळं! असं काही झोडपलं मी त्या झुडपांना, की बस. शब्द सुचत नव्हते, पण कोयता भारी सुचत होता. भिंतीच्या कोपऱ्यात मनगटाएवढं एक खोड निघालं. पान नाही, फूल नाही, दोरखंडासारखं पिळवटलेलं. मी ठरवून टाकलं, वाळलंय. करवत घेतली आणि बुडातून कापलं. आतून ओलं लागलं हो! तिथं हात थांबायला नको होता? पण मला तर कोपरा स्वच्छ दिसायला लागला होता.

वरचा भाग घाणेरीत गुंतून भिंतीपलीकडं गेला होता. ओढून निघेना, म्हणून तसाच सोडला. मोकळ्या जागेत टेबल मांडलं. खाली राहिलेला बुंधा पाय ठेवायला इतका सोयीचा, की वा!

भिंतीपलीकडं अनुसयाकाकू राहतात. मूळच्या पिशोर गावच्या. मुलगा पुण्याला, त्या एकट्या. एकच खोली, वर पत्रे. आपल्याकडचा मे महिना आणि पत्र्याची खोली, म्हणजे भट्टीच. पण त्यांच्या पत्र्यावर मधुमालतीचा असा दाट पसारा, की दुपारीही त्या आत निवांत झोपायच्या.

एका सकाळी भिंतीवरून हाक आली. "पोरी, बघ गं जरा. माझा येल सुकायलाय. तू शिकलेली हायस."

मी चष्मा लावला. पानं पिवळी, फुलं मलूल. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. पण 'माहीत नाही' असं कोणता मास्तर कधी म्हणालाय?

"काकू, पाणी जास्त झालंय. बंद करा."

त्यांनी बंद केलं. वेल आणखी सुकला.

"आता ताक घाला. मुळाशी."

"व्हय का? घालते की." आणि माउलीनं रोजचं आपलं प्यायचं ताक भिंतीच्या कडेला ओतलं! मी इकडं टेबलाशी बसून मान डोलावतेय, पाय बुंध्यावर!

शेवटी पानं करपून गळायला लागली. काकू म्हणाल्या, "किडबिड लागली असंल. मूळ उकरून बघू. पण मूळ नेमकं हाय कुठं? मी आपली भिंतीकडंला अंदाजानं ओतते. मी आले तवा हा येल व्हताच."

"थांबा, शोधूया!" मला उत्साह भारी. त्या त्यांच्या बाजूनं काठीनं फांदी दाखवत निघाल्या, मी स्टुलावर चढून भिंतीवरून बघतेय.

"सापडलं का काकू?"

"नाय गं. पत्र्यावरून भिंतीकडं आलाय."

"मग?"

"मग भिंतीवर चढलाय."

"मग?"

"मग तुझ्याकडंच उतरलाय की!"

मी फांदी धरली, हातानं चाचपत खाली आले. खाली... खाली... आणि फांदी संपली! सरळ, गुळगुळीत, करवतीनं कापलेलं टोक माझ्या हातात. समोर माझं टेबल. टेबलाखाली बुंधा.

"काय दिसलं?" पलीकडून काकू.

वाटलं, म्हणावं घुशीनं कुरतडलं. पण घूस कुठं करवत चालवते?

"काकू... मीच कापला."

त्या पलीकडून इतकंच म्हणाल्या, "आणि ताक कशाला गं ओतायला लावलंस?"

रागावल्या असत्या, चार शिव्या दिल्या असत्या, तर परवडलं असतं. त्या रागावल्याच नाहीत. खोली मात्र उरलीसुरली पानं गळताच तापली. पहिल्याच दुपारी मी गेले तर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन दारात बसलेल्या. मी हात धरून घरी आणलं. तेव्हापासून दुपारभर त्या आमच्या हॉलमध्ये, कूलरसमोर. मी दुपारी त्यांच्या पत्र्यावर गोणपाट टाकते, पाणी मारते. पण पाण्याची कुठं सावली होते? घटकाभरात गोणपाट खडखडीत.

परवा काकूंनी विचारलं, "रोज काय लिव्हतीस गं? वाच की जरा."

मी वाचलं. माझी नायिका म्हणजे झाडावेडी बाई. वेलाचं एक पान गळलं तरी तिचा जीव कासावीस होतो. फांदीला हात लावताच झाडाचं दुखणं तिला कळतं. वाचताना माझाच आवाज बसत चालला होता.

काकू डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं, झोपल्या. पण नाही.

"लई गुणाची बाई हाय," त्या म्हणाल्या. "कुठं राहती गं? तिच्या शेजारी एखादी खोली मिळती का बघ."