बोरमाळचा पंचनामा

मधुकर गेला हे मला शोकसभेच्या निमंत्रणातून कळलं. सकाळी छावणीतल्या आमच्या गॅरेजचं शटर वर करत होतो, तेवढ्यात फोनवर निरोप आला : 'ओसाड गावांचे प्रवासी मधुकरराव यांना श्रद्धांजली. वक्ते – बालमित्र उस्मानभाई.' माणूस मेलाय हे कळायच्या आत त्याच्याबद्दल काय बोलायचं ते ठरवायची पाळी आली! मधू असता तर पोट धरून हसला असता. दुसऱ्याची अशी फजिती त्याला फार आवडायची. सभेत मी पाच मिनिटं बोललो, लोकांनी रुमाल काढले. त्या पाच मिनिटांत मी जे बोललो त्यातलं निम्मं खोटं होतं. आता या पुरवणीवाल्यांनी 'जरा भावपूर्ण लिहा' म्हणून मागं लागून हा लेख मागितलाय, तर उरलेलं निम्मं लिहितो. भावपूर्ण होईल का, ते मला माहीत नाही.

आम्ही एका बाकावर शिकलो. पुढं मधू महसूल खात्यात कारकून झाला आणि मी वडलांच्या गॅरेजात शिरलो. आमची खरी दोस्ती जमली ती निजामाच्या वेळच्या दप्तरामुळं. जुने कागद सगळे उर्दूत. मधूला उर्दूचा अलिफ येत नव्हता आणि साहेबाला 'येत नाही' सांगायची त्याची तयारी नव्हती. मग रविवारी तो नकला घेऊन गॅरेजात यायचा, मी स्पार्क प्लग पुसत पुसत वाचायचो. एकदा एका गावाच्या नावापुढं शब्द आला, 'बेचिराग'. मधूनं विचारलं, म्हणजे काय? म्हणालो, जिथं दिवेलागणीला एकही दिवा लागत नाही असं गाव. नकाशावर नाव हाय, शीव हाय, विहीर हाय, माणूस नाय. मधूनं तो शब्द वहीत उतरवून घेतला. मग म्हणाला, "उस्मान्या, जीप काढ."

तिथून पुढं तीस वर्षं आम्ही बेचिराग गावं हिंडलो. दौलताबादच्या मागची, वेरूळच्या डोंगरातली, पार पैठणकडची. कुठलं प्लेगानं उठलेलं, कुठलं दुष्काळानं, कुठलं अठ्ठेचाळीसला, निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली. पडक्या भिंती, दारात गाडलेलं उखळ, शेंदूर उडालेला मारुती. एखाद्या घराच्या कोनाड्यात अजून काजळी असायची, बोट लावलं की बोटाला यायची. मला सांगायला लाज वाटते, पण ते दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते. गाव रिकामं असलं की मधू वेगळाच माणूस व्हायचा. हळू बोलायचा, चपला शिवेवर काढायचा. आणि प्रत्येक गावाचा तो पंचनामा करायचा, अगदी सरकारी भाषेत, चतुःसीमेसकट, तिथी घालून. पंच आम्ही दोघं. पण मी तर पोचल्या पोचल्या जीपखाली शिरलेला असायचो, हाताला ऑइल. म्हणून मी दहा-दहा कोऱ्या कागदांवर आधीच सह्या करून ठेवायचो. कचेरीत सगळे पंच असंच करतात, असं मधूच म्हणायचा.

जिवंत माणसांशी मात्र तो फार वाईट वागायचा. जिभेला हाड नव्हतंच. एका गावात एक म्हातारा आपलं पडलेलं घर बघायला आला होता. उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडत होता बिचारा. मधू कॅमेरा डोळ्याला लावून त्याला म्हणाला, "अहो, जरा बाजूला व्हा. फोटोत येताय." म्हातारा डोळे पुसत बाजूला झाला. आणि पोलीस ॲक्शनमध्ये उठलेल्या गावात गेलो की मधूचा एक ठरलेला विनोद असायचा : "तुझी माणसं पळाली म्हणून आपल्याला हे गाव मिळालं, उस्मान्या. आभार मान त्यांचे." माझा सख्खा मामा त्या साली पळताना वाटेत गेला, हे मधूला चांगलं ठाऊक होतं. मी काय करायचो? हसायचो. तीस वर्षं हसलो. त्याच्याइतका जवळचा दोस्त मला दुसरा नव्हता... आणि असं हसण्याची एकदा सवय लागली की सुटत नाही.

गावं मोजता मोजता नव्व्याण्णव झाली. मधू रिटायर झाला होता, वहिनी वारल्या होत्या, मुलगी सुनंदा सासरी. त्याला आता शंभराचं वेड लागलं. पाचोडच्या पुढं माळावर बोरमाळ म्हणून एक गाव आहे, दुष्काळात विहीर आटल्यावर लोक उठून खाली सडकेला जाऊन राहिले, असा त्याला पत्ता लागला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. रस्ता असा की जीपचं हाड न् हाड बोललं. वर पोचलो. मधूनं चपला काढल्या, वही काढली, आणि समोरच्या घरातून आवाज आला, "कोन हाय? पानी पिता का?"

ती गयाबाई. पंच्याहत्तरीची असेल. एक शेळी, दोन कोंबड्या आणि सगळं गाव तिचं एकटीचं. मधूचं तोंड असं उतरलं की मला हसू आलं. पण म्हातारी खुशीत होती. आम्हाला ओट्यावर घोंगडं टाकून दिलं, बिनदुधाचा चहा केला, साखर संपली होती म्हणून गुढीची गाठी फोडून एकेक तुकडा दोघांच्या हातात ठेवला. मी विचारलं, बाई, तुम्ही एकट्याच का राहिल्या? तिनं समोरच्या मोकळ्या जागेकडं बोट केलं. तिथं एका कडुलिंबाखाली पिराचा चुना दिलेला ओटा होता.

"मी नवी नवरी हुते तवा," ती म्हणाली. "शेजारी खैरूनबी. लई जीव लावायची मला. भाकर थापाया तिनंच शिकवलं. त्या साली गडबड झाली, त्यांना गाडी जुपून जावं लागलं. निघताना माझा हात धरून म्हन्ली, गया, पीरकू अंधेरेमें नको रख. हम आते. तवापासून दर जुम्मेरातीला दिवा लावते. आता त्या आल्या आन् अंधार दिसला तर काय म्हनतील मला?"

मी त्या ओट्याकडं बघतच राहिलो. पन्नास-पंचावन्न वर्षं, दर गुरुवारी! तेलाला पाचोडच्या बाजारी चालत जायची. मला माझ्या मामाची आठवण आली. मधू शेजारी बसून वहीत लिहीत होता. मला वाटलं, बाईचंच लिहितोय.

परतताना तो म्हणाला, "एक म्हातारी आडवी आली, नाहीतर शंभर झाली होती." मी म्हणालो, जाऊ दे ना, दुसरं गाव बघू. पण चार दिवसांनी त्यानं बाईच्या मुलाचा पत्ता काढला. मुलगा वाळूजला कंपनीत, दोन खोल्यांत बायको-पोरं घेऊन राहणारा, साधा माणूस. मधू मला घेऊन थेट त्याच्या दारात गेला आणि शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "आई तिकडं विंचूकाट्यात मरायला टाकलीस, आणि तू इथं पंख्याखाली बसतोस? कुणी विचारलं तर काय तोंड दाखवशील?" आजूबाजूच्या बाया दारात आल्या. तो मुलगा मान खाली घालून म्हणाला, "साहेब, म्या दहा बारी आन्ली. ती ऱ्हात नाय." मधू म्हणाला, "आता राहील. आम्ही आणतो."

आणि हे सगळं दिसायला कसं होतं सांगू? पुण्याचं काम! म्हातारीची काळजी घेणारे दोन सज्जन. सुनंदासुद्धा फोनवर म्हणाली, बाबा, किती चांगलं करताय तुम्ही.

मृग लागायच्या आधी आम्ही मुलाला जीपमध्ये घालून बोरमाळला गेलो. मुलगा विनवण्या करकरून थकला. बाई दाराची चौकट धरून बसली, "मी येत नाय. मला वडू नका." शेळी ओरडत होती. मधू शांतपणे तिच्यासमोर बसला आणि माझ्याकडं हात करून म्हणाला, "बाई, तुम्हाला पिराचीच काळजी ना? हा उस्मान मुसलमान आहे. दर जुम्मेरातीला इथं येऊन हा दिवा लावील. त्याचाच पीर आहे."

मला आधी काही विचारलं नव्हतं. बाईनं माझ्याकडं बघितलं. पोटच्या पोराच्या विनवणीला जी हलली नाही, ती माझ्याकडं बघत होती.

"लावशील बाबा?"

आणि मी म्हणालो, "व्हय, बाई."

बस्स. तिनं चौकट सोडली. उठली, मला वाती कुठं ठेवल्यात ते दाखवलं, तेल किती घालायचं ते बोटानं दाखवलं, वारा पूर्वेचा असला की दिवा आतल्या अंगाला सरकवायचा, हे तीनदा सांगितलं. मग जीपमध्ये चढली. दार मीच लावलं.

पहिल्या जुम्मेरातीला माझं क्लचचं काम निघालं. दुसऱ्या जुम्मेरातीला पाऊस. तिसऱ्या जुम्मेरातीला काहीच नव्हतं. मी गॅरेजात चहा पीत बसलो होतो. कोण जातंय ऐंशी किलोमीटर एका दिव्यासाठी, असं मनात म्हणालो. खोटं कशाला बोलू, हेच म्हणालो. संध्याकाळी बाईनं मुलाकडून फोन लावून घेतला : "लावला का रं दिवा?" म्हणालो, "लावला, बाई." ती म्हणाली, "वारा कुठला हुता?" मी म्हणालो, "पूर्वेचा. आत सरकवला." तिकडून तिनं मला लई दुवा दिल्या. असे चार फोन आले. चारी वेळा मी वारासुद्धा सांगितला.

पोळ्याच्या आधी बाई गेली. मुलगा म्हणाला, इथं आल्यापासून जेवणच तुटलं होतं, गुरुवारी मात्र फोन झाला की अर्धी भाकर खायची. सरणाजवळ त्यानं माझे पाय धरले. "चाचा, तुमच्यामुळं आई निवांत गेली." मधू शेजारीच उभा होता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात झटकायला हवा होता. झटकला नाही.

त्याच हिवाळ्यात शंभर बेचिराग गावं पुरी केल्याबद्दल मधूचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, हार. तो फार छान बोलला, एकेका विझलेल्या दिव्याबद्दल बोलताना त्याचा आवाज कापला. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर आम्ही गावं हिंडणं सोडलं. तो म्हणायचा गुडघे दुखतात, मी म्हणायचो जीप विकली. शेवटचं भेटलो ते त्याच्या घरी, तो अंथरुणाला खिळलेला. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. विचारलं, "मधू, गयाबाईचं तुला कधी काही वाटलं का रे?" त्यानं डोळे उघडले. "कोण गयाबाई?" म्हणाला. खरंच विसरला होता का मला टोलवत होता, कोण जाणे. मी इतकी वर्षं त्या नावानं दचकून उठतोय, आणि हा म्हणतो, कोण गयाबाई! तेव्हा मला त्याचा इतका राग आला की मी पाणीसुद्धा न पाजता निघून आलो. तेरा दिवसांनी तो गेला.

मागच्या आठवड्यात सुनंदानं बोलावलं. शंभर पंचनाम्यांची फाईल एका ग्रंथालयाला द्यायची, त्याआधी "काका, तुम्ही एकदा नजर घाला." मी सरळ शेवटचा कागद काढला. 'आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष हजर राहून पाहणी केली असता सदर गावी कोणीही इसम वास्तव्यास असल्याचे आढळून आले नाही. सबब मौजे बोरमाळ बेचिराग.' खाली माझी सही. ती मी कोऱ्या कागदावरच केलेली. आणि वर तिथी : चैत्र शुद्ध द्वितीया. पाडव्याचा दुसरा दिवस... म्हणजे आम्ही पहिल्यांदा गेलो तो दिवस! बाई चुलीपुढं वाकून आमच्यासाठी चहा उकळत होती, आणि हा ओट्यावर बसून लिहीत होता की इथं कुणी नाही. पुढं तिला नेलं ते फक्त कागद खरा करायला. मी हे कागद वाचले असते तर? पण वाचायचं कशाला? ओट्यावर मी त्याच्या शेजारीच तर बसलो होतो. मान वळवली असती तरी दिसलं असतं.

मी खिशातलं पेन काढलं आणि त्या कागदाखाली लिहिलं : 'सदर वेळी गयाबाई हजर होती. तिनं आम्हा दोघांना चहा पाजला. तिला नेल्यावर पिराचा दिवा मी एकदाही लावला नाही.' आणि सही केली. या वेळी वाचून.

सुनंदा पदर सावरत जवळ आली, तिनं वाचलं. पोरीचा चेहरा पडला. म्हणाली, "अहो काका, कागद खराब केलात. आता हा कसा द्यायचा? बाबा गेले आता, कशाला हे?" मी पेन खिशात ठेवलं. तिनं पट्टी लावून तो कागद फाईलमधून सरळ फाडून काढला आणि माझ्या हातात दिला. नव्व्याण्णव गावं ग्रंथालयात गेली. बोरमाळ माझ्या घरी टेबलावर पडलंय. लोक येतात, हातात घेतात, वरचं मधूचं वळणदार अक्षर वाचतात आणि वा म्हणतात. खालचं माझं अक्षर वाचायला कुणी थांबत नाही.